म्युटेशन म्हणजे बिघाडच का? सिकलसेलवरून सांगतो

तुमचा प्रश्न असा की म्युटेशन (डीएनएत झालेला बदल) म्हणजे शेवटी बिघाडच ना, मग इतक्या पिढ्यांत निसर्गाने तो काढून का नाही टाकला. थोडक्यात सांगायचं तर तेच म्युटेशन एकाच्या जिवावर उठतं आणि दुसऱ्याला वाचवतं, म्हणून. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजारच घ्या ना, आपल्याकडे गडचिरोली नंदुरबार भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशीतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन, त्याची बीटा साखळी 146 अमिनो आम्लांची, त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. डीएनएत बदललंय फक्त एक अक्षर, जीएजीचं जीटीजी झालं, बस. पण व्हॅलिनला पाण्याचं वावडं, त्यामुळे ऑक्सिजन सोडून झाला की हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी नि कडक होते, मग ती बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढे रक्त जात नाही आणि पेशंट हाडं फुटल्यासारखी दुखतात म्हणून रात्रभर कण्हत बसतो. चांगली तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते, ही 10-20 दिवसांत खलास. म्हणून रक्त कमी. आणि लोक तपासणी न करताच आयर्नच्या गोळ्या चालू करतात, अहो इथे मूळ भानगड लोहाची नाहीच!

आता दुसरी बाजू. हा बदललेला जीन म्हणजे एस, नेहमीचा म्हणजे ए. दोन्ही पालकांकडून एस आला तर माणूस एसएस, म्हणजे वर सांगितलेला पेशंट. एकाच पालकाकडून आला तर तो माणूस एएस, म्हणजे वाहक, आणि वाहकाला सहसा काही त्रास नसतो. उलट लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो, हे ॲलिसन या शास्त्रज्ञाने 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे वाहक जास्त जगले आणि जीन टिकला. मलेरियामुळे म्युटेशन झालं असं काही जण म्हणतात ते मात्र उलटं आहे, म्युटेशन आपलं आपण घडतं, मलेरियाने फक्त ज्यांच्यात होतं त्यांना पुढे ठेवलं. एसएस मुलाला याचा फायदा नाही, त्याला मलेरिया झाला तर फार जड जातो.

लग्न करताना मुलांना धोका किती असंही विचारलंय, ते: नवराबायको दोघंही एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता 25 टक्के. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असा हिशोब नसतो. एकजण एए असेल तर मूल एसएस होणार नाही, फार तर वाहक. आणि गावात कॅम्पमध्ये केलेल्या सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका, ती फक्त एस आहे की नाही एवढंच सांगते, एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या लॅब तपासणीच्या रिपोर्टमध्येच कळेल, तो दोघांचाही काढा.