नव्या ट्रकमध्ये ऑइल प्रेशर किती असावे?

प्रश्न : गेल्या दिवाळीत मी सहा सिलिंडरच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनाचा बीएस-६ ट्रक घेतला. पुणे-कोल्हापूर मार्गावर माल वाहतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा काटा पावणेपाच बारवर जातो. हायवेला दीड हजार आरपीएमवर तो सव्वातीनच्या आसपास राहतो. मात्र खंबाटकी घाट चढून पुढे आणेवाडीच्या टोल नाक्यावर रांगेत थांबलो की सव्वा बारपर्यंत उतरतो. जुन्या गाडीत काटा दोनच्या खाली कधी आला नव्हता. वर्कशॉपमध्ये ‘नॉर्मल आहे’ एवढेच सांगतात. आमचे मिस्त्री म्हणतात की पंप कमजोर आहे, जुन्या गाडीत घालत होतो तेच २०डब्ल्यू-५० ऑइल घाला, काटा वर येईल. काय करावे? (एक ट्रकमालक, सातारा)

उत्तर : आपण दिलेले तिन्ही आकडे निरोगी इंजिनाचे आहेत. वर्कशॉपचे म्हणणे बरोबर आहे, पण ‘नॉर्मल’ या एका शब्दावर एवढ्या किमतीच्या गाडीच्या मालकाचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून कारण सविस्तर सांगतो.

ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल पुढे ढकलतो. आपल्या इंजिनातील पंप क्रँकवरून (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून) फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे पाठवतो. ते ऑइल मेन बेअरिंग, बिग एंड, कॅम आणि टर्बो या फिरत्या भागांच्या केसाएवढ्या बारीक फटींमधून बाहेर पडताना जो अडथळा होतो, तो आपल्याला काट्यावर प्रेशर म्हणून दिसतो. म्हणजे काटा तीन गोष्टींवर हलतो : इंजिन किती वेगाने फिरते, ऑइल किती पातळ झाले आहे आणि त्या फटी किती मोठ्या आहेत. नव्या गाडीत फटी बदललेल्या नसतात. त्यामुळे आपल्या काट्याची सगळी चढउतार पहिल्या दोन कारणांची आहे.

यातले ऑइलच्या पातळपणाचे कारण बहुतेकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठे आहे. १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला साधारण ११० सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असतो, तर १०० अंशांना तो १२.५ ते १६.३ या हद्दीत असावा असे प्रमाण आहे. म्हणजे इंजिन तापल्यावर तेच ऑइल सातपटीहून अधिक पातळ होते. सकाळी थंड, दाट ऑइल फटींतून सहज जात नाही, प्रेशर वाढते, आणि ते ठरावीक मर्यादेला पोचले की प्रेशर व्हॉल्व्ह उघडून जादा ऑइल परत चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याकडे, वळवतो. या इंजिनात तो व्हॉल्व्ह साडेचार ते सव्वापाच बारच्या दरम्यान उघडतो. आपला सकाळचा पावणेपाचचा आकडा म्हणजे तो व्हॉल्व्ह नीट काम करत असल्याची खूण आहे. याच वेळी काटा वर आहे म्हणून गाडी रेस करणे मात्र चुकीचे. थंड ऑइलचे प्रेशर जास्त असले तरी त्याचा प्रवाह कमी असतो, आणि बेअरिंगला हवा असतो तो प्रवाह.

आता टोल नाक्याकडे येऊ. घाटात खालच्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढवताना ऑइल सर्वांत जास्त तापते, कारण पिस्टनची उष्णता काढण्यासाठी खालून फवारले जाणारे ऑइलच ती उष्णता घेऊन चेंबरमध्ये परतते. अशा तापलेल्या अवस्थेत आपण रांगेत थांबता आणि इंजिन दीड हजारांवरून साडेसहाशे-सातशे आरपीएमवर येते. पंपाच्या फेऱ्या निम्म्याहून कमी होतात आणि काटा उतरतो. या मालिकेच्या इंजिनांसाठी निर्मात्याने दिलेली किमान मर्यादा गरम इंजिनाला आयडलिंगवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) ६९ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ०.७ बार, आणि रेटेड आरपीएमवर (पूर्ण ताकदीसाठी ठरवलेल्या वेगावर) २०७ किलोपास्कल, म्हणजे सुमारे २.१ बार आहे. (एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, गॅरेजमध्ये ज्याला ‘एक किलो’ म्हणतात तेही जवळपास तेवढेच.) आपला सव्वा बारचा आकडा त्या मर्यादेच्या पावणेदोन पट आहे.

इतक्या कमी प्रेशरवर क्रँकचा भार कसा पेलला जातो, ही शंका रास्त आहे. भार पंपाचे प्रेशर पेलतच नाही. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, स्वतःबरोबर ऑइल ओढून घेतो आणि बेअरिंगच्या अरुंद बाजूला त्याचा जो थर दाबला जातो, त्यात काट्यावरच्या आकड्याच्या कितीतरी पट दाब निर्माण होतो. पंपाचे काम तो थर सतत भरलेला ठेवण्याचे आहे. आयडलिंगवर भार थोडा असल्याने थोडे ऑइल पुरते. वेग आणि भार वाढला की गरज वाढते, आणि पंपही तेव्हा वेगाने फिरत असतो.

म्हणूनच मिस्त्रींचा सल्ला मानू नये, असे मी आग्रहाने सांगतो. त्यांच्या हातात कसब असेल, पण २०डब्ल्यू-५० हे १५डब्ल्यू-४० पेक्षा दाट ऑइल घातल्यावर काटा वर येतो तो अडथळा वाढल्यामुळे. पंप सुधारत नाही. उलट सकाळी टर्बोपर्यंत ऑइल पोचायला जास्त वेळ लागतो आणि डिझेलही थोडे अधिक लागते. आपल्या जुन्या गाडीचा काटा दोनच्या वर राहण्यात त्या दाट ऑइलचा मोठा वाटा होता. बीएस-६ गाडीत आणखी एक धोका आहे. सायलेन्सरच्या जागी बसवलेल्या डीपीएफमध्ये (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी जळून जाते, पण ऑइलमधील रसायनांची राख जळत नाही, ती साचत राहते. यासाठीच या गाड्यांना कमी राखेचे सीके-४ दर्जाचे ऑइल सांगितलेले असते. मॅन्युअलमध्ये लिहिलेला दर्जा आणि ग्रेड सोडून दुसरे ऑइल घातले, तर वॉरंटीचा प्रश्नही उभा राहील.

काळजी करण्यापेक्षा नोंद ठेवावी. केबिनमध्ये एक वही ठेवून महिन्यातून दोनदा त्याच त्या अवस्थांत काटा पाहावा : थंड इंजिन सुरू केल्यावर, भरलेल्या गाडीने हायवेला दीड हजारांवर, आणि घाटानंतर रांगेत. शेजारी ऑइल बदलून किती किलोमीटर झाले ते लिहावे. ‘घाटानंतर, आयडल, १.२५, ऑइल १४ हजार’ एवढी ओळ पुरे. आपल्या गाडीचा आजचा आकडा हाच आपला खरा मापदंड आहे. सव्वा बारचा आकडा तसाच राहिला तर चिंता नाही. पण त्याच ठिकाणी, त्याच अवस्थेत तो एकवर आणि मग पाऊणवर आला, तर मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

त्या तपासणीचाही क्रम असतो. आधी सपाट जागी लेव्हल पाहावी; ऑइल कमी असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारताना पंप हवा ओढतो आणि काटा थरथरतो. नंतर चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, काटा शून्यावर आणि लाल दिवा पेटलेला आहे ना ते पाहावे. तसे नसेल तर दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे. त्यानंतर सेन्सरच्या जागी साधे यांत्रिक गेज लावून खरा आकडा घ्यावा. हे थोड्या वेळाचे काम केल्याशिवाय कोणालाही चेंबर खोलू देऊ नका. आणि धावत्या गाडीत लाल दिवा लागला, तर ‘पुढच्या ढाब्यापर्यंत’ असा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे.

प्रश्न : माझी गाडी एमआयडीसीतल्या एमआयडीसीतच फिरते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर गेले आहे आणि गरम गाडीत प्रेशर पूर्वीपेक्षा कमी दिसते. ऑइल वाढलेले असताना प्रेशर कमी कसे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाढलेले ते ऑइल नाही, बहुधा डिझेल आहे. डीपीएफमधील काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिनांत उशिराने जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडले जाते. त्यातील थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. लांबच्या फेरीत ऑइल चांगले तापल्याने त्यातला काही भाग उडून जातो आणि रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळण्याची ही क्रियाही, पूर्ण होते. छोट्या फेऱ्यांत ते मध्येच तुटते, पुन्हा सुरू होते, आणि दर वेळी आणखी डिझेल खाली येते. पातळ झालेल्या ऑइलमुळे प्रेशर उतरते.

वरचे जादा ऑइल काढून लेव्हल बरोबर करणे हा उपाय नव्हे, कारण उरलेले ऑइलही पातळच असते. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. रिजनरेशनचा दिवा लागल्यावर शक्यतो ते पूर्ण होऊ द्या आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला चांगली तापेपर्यंत चालवा. एवढे करूनही लेव्हल चढत राहिली, तर इंजेक्टर गळत आहे का ते पाहायला सांगा. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले तर मात्र ते बहुधा कूलंट आहे. अशी गाडी सुरूच करू नये.

प्रश्न : ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना लाल दिवा काही सेकंद तसाच राहतो. हे धोक्याचे आहे का? (एक चालक, सोलापूर)

उत्तर : रिकामा फिल्टर भरेपर्यंत तेवढा वेळ लागतो. आपण इंजिन कोणते ते लिहिलेले नाही. कमिन्सच्या इंजिनांना प्रेशर दाखवण्यासाठी १५ सेकंदांची मर्यादा दिलेली असते, तेवढ्यात दिवा विझला नाही तर इंजिन बंद करून कारण शोधावे. दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, कारण टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या थरावरच तरंगत असतो. फिल्टर आधी भरून लावायचा की नाही, हे आपल्या मॅन्युअलप्रमाणे ठरवा; भरायचा असेल तर कडेच्या छिद्रांतूनच भरा, मधल्या भोकातून ओतलेले ऑइल न गाळता थेट बेअरिंगपर्यंत जाते. टर्बोला ऑइलचा थर लागतो, त्याच कारणासाठी भरलेली गाडी जोर लावून आल्यानंतर बंद करण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे आयडलिंगवर ठेवावी.