काकांची पुस्तकं: ठेवायची, द्यायची की रद्दीत घालायची?

तुमचा प्रश्न नीट समजला असेल तर परिस्थिती अशी आहे. गोव्यात फोंड्याच्या घरी काकांनी मागे ठेवलेली चार-पाच कपाटं आहेत आणि त्यांत राजकारण, कॉम्प्युटर, कॉमिक्स, इतिहास सगळं सरमिसळ आहे. भाऊ म्हणतो रद्दीवाल्याला बोलवू, तुमचं मत वाचनालयाला द्यावं, आणि वहिनी म्हणतात आधी विषयवार लावून तरी बघू. काकांनी केलेली यादी कॉम्प्युटरवर सापडली, पण उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

माझी उभी नोकरी वाचनालयात गेली, त्या जोरावर सांगतो. विषय नंतर बघा. आधी कुठलं पुस्तक कशाने म्हातारं होतं ते बघा. या चार प्रकारांचं म्हातारपण चार तऱ्हांनी येतं, आणि काय ठेवायचं, काय सोडायचं ते बरंचसं तिथेच ठरतं.

त्याआधी पावसाचं. आत्ता श्रावणात कपाटं रिकामी करून पुस्तकं जमिनीवर मांडून बसू नका. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली की कागदाला बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. सध्या फक्त वाळवी बघा. भिंतीवर किंवा कपाटाच्या पाठीमागे मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ते कपाट त्याच दिवशी रिकामं करा, बाकीचं सगळं थांबू शकतं. कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकलेली असतील तर चार बोटं पुढे ओढा. भिंतीतला जांभ्याचा चिरा पावसाळाभर पाणी पीत असतो आणि ती ओल कपाटाच्या पाठीतून थेट पुस्तकात येते. खरं काम दिवाळीनंतर, कोरडी हवा लागली की. तेव्हाही कडक उन्हात पुस्तकं टाकू नका, सावलीत वाऱ्यावर पानं फुलवून ठेवा. पोथ्यांच्या बासनात वेखंडाच्या कांड्या ठेवायची आपली जुनी पद्धत आहे, ती कसरीसाठी. बुरशीवर मात्र वाऱ्याशिवाय औषध नाही.

आता कॉम्प्युटरची पुस्तकं. ही मजकुराने म्हातारी होतात, आणि तीही झपाट्याने. फॉक्सप्रो, विंडोज ९८, अमुक आवृत्ती शिका असली जाडजूड पुस्तकं भावाच्या स्वाधीन करा, त्याचं समाधान होईल. नमुना म्हणून एखादं ठेवा, विशेषतः काकांनी समासात काही लिहिलं असेल तर. पण याच कपाटात न शिळी होणारी पुस्तकंही असतील, ती ओळखायला हवीत. कर्निहन आणि रिची यांचं सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरचं पुस्तक १९७८चं, दुसरी आवृत्ती १९८८ची. ते अजून शिकवायला वापरतात. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली तर त्याला आणखी उशीर होतो. यात कॉम्प्युटर नावापुरता, बाकी सगळा माणसाचा स्वभाव. आवृत्तीचं पुस्तक घालवा, विचाराचं ठेवा. मागच्या मुखपृष्ठाला चिकटलेल्या सीडी वेगळ्या काढा आणि वाचता येतात तोवर त्यांची प्रत करून घ्या.

कॉमिक्सचं उलटं. मजकूर ताजाच राहतो, कागद मरतो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघाली. आपल्यापैकी कितीतरी जण वेताळ (म्हणजे फँटम) मराठीतून वाचत मोठे झाले, आणि आबिद सुरतींचा बहादूर १९७६पासून तिथेच भेटायचा. सगळी साध्या स्वस्त कागदावर, त्यामुळे पिवळी पडणारच. पण आपल्याकडे कागदाच्या आधी पिना जातात. खाऱ्या दमट हवेत गंजतात, आणि तो गंज मधल्या पानांना खातो. गंजलेली पिन हलक्या हाताने काढून त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद कागदात उतरतो आणि मग ना टेप निघते ना डाग. लॅमिनेशन तर अजिबात नको. प्लास्टिकच्या पाकिटात घालायची असतील तर पाकिटाचं तोंड उघडं ठेवा, नाहीतर ओल आतच कोंडते. आणि कॉमिक्स म्हणजे पोरांचं, म्हणून ती आधी टाकायची, असं घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा. घरोघर हीच आधी रद्दीत गेली, म्हणून आज मिळत नाहीत.

राजकारणावर जरा जास्त बोलतो, कारण गोव्यातल्या घरात खरा ऐवज तिथेच असतो. राजकारणाचं पुस्तक वीस-पंचवीस वर्षांत आपसूक इतिहासाच्या कपाटात सरकतं. जाडी पुस्तकं कुठे ना कुठे मिळतातच. तुम्ही शोधायची ती त्यांच्यामध्ये दडलेली चोपडी: पत्रकं, जाहीरनामे, सभेच्या हँडबिलांची घडी, वर्तमानपत्राची कात्रणं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरचा १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल घ्या. विलीनीकरणाच्या बाजूचं चिन्ह फूल, विरोधी बाजूचं दोन पानं. निकाल लागला तो ३४,०२१ मतांच्या फरकाने, विलीनीकरणाच्या विरोधात. त्या वेळी दोन्ही बाजू मराठीतून भांडत होत्या हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा, मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधातला, उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्याच ‘राष्ट्रमत’मध्ये. तेव्हाचं एखादं फूल किंवा दोन पानांचं पत्रक काकांच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं निघालं, तर ते पुस्तकापेक्षा मोलाचं आहे. तेच ऐंशीच्या दशकातल्या कोकणी-मराठी भाषावादाच्या पत्रकांचं, जो वाद १९८७च्या राजभाषा कायद्यापर्यंत गेला.

एक सूचना विशेष. काकांचा कल कुठल्या बाजूला होता ते घरात सगळ्यांना माहीत असेल, आणि तुमचा कदाचित दुसरीकडे असेल. म्हणून त्यांच्या बाजूची पत्रकं जपून दुसऱ्या बाजूची टाकू नका, किंवा उलटही करू नका. दोन्ही एकत्र राहिली तरच त्यांना अर्थ आहे. प्रत्येक कागद वेगळ्या लिफाफ्यात घाला आणि तो कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानापाशी सापडला ते लिफाफ्यावर पेन्सिलने लिहा. शाईने नको, दमट हवेत शाई पसरते. १९६१च्या आधीचं काही राजकीय निघालं तर हात आणखी हलका ठेवा. पोर्तुगीज सेन्सॉरमुळे असलं साहित्य घरात बाळगणंच जोखमीचं होतं, त्यामुळे टिकलं ते थोडंच.

इतिहासाच्या पुस्तकांना फारसं काही करावं लागत नाही. नवं संशोधन आलं म्हणून जुनं टाकायचं नसतं. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्यांनी पोर्तुगीज दप्तरांतून काढलेलं काम आजही उघडावं लागतं. पोर्तुगीज पुस्तकं निघाली आणि घरात वाचणारं कुणी नसेल, तरी वाचता येणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय देऊ नका.

मांडणीबद्दल वहिनींना सांगा, विषयवार लावायला बसलात की पहिल्या आठवड्यातच भांडण होईल. दामोदर धर्मानंद कोसंबी कुठे ठेवणार? जन्म गोव्यातला, १९०७चा. पेशाने गणिती, नाण्यांच्या वजनाला संख्याशास्त्र लावणारे, मार्क्सवादी, आणि १९५६मध्ये भारतीय इतिहासाची मांडणी बदलून टाकणारे. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं कॉमिक्समध्ये की गोव्याच्या इतिहासात? ग्रंथालयं विषयांना आकडे देतात त्या ड्यूईच्या पद्धतीत प्रोग्रॅमिंग ००५ला म्हणजे पहिल्या टोकाला, राजकारण ३२०ला, कॉमिक्स ७४१.५ला आणि भारताचा इतिहास ९५४ला जाऊन बसतो. मोठ्या ग्रंथालयाला ते लागतंच, घरातल्या पाच कपाटांना नाही. मी असतो तर एक कपाट फक्त गोव्याचं केलं असतं, त्यात सगळे विषय आले असते. बाकी काकांनी लावलं होतं तसंच ठेवलं असतं. सरमिसळ दिसते ती बऱ्याचदा त्या माणसाची रांग असते, म्हणून काहीही हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढून ठेवा.

यादीची खिचडी सुटण्यासारखी आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, सगळीकडे रुळण्याआधी मराठी फॉन्टवाले इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवायचे. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर निवडून फॉन्टच्या रकान्यात कुठलं नाव दिसतं ते बघा आणि त्या फॉन्टचं रूपांतर करणारं साधन शोधा. काकांचा जुना कॉम्प्युटर तोवर भंगारात देऊ नका, फॉन्ट त्यातच असणार. रूपांतर झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, घोटाळे तिथेच होतात. नवी यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये करा आणि मराठी नावं देवनागरीतच लिहा, रोमनमध्ये लिहिलीत तर एकच लेखक तीन स्पेलिंगांनी तीन जागी जाईल.

राहिलं द्यायचं. पेट्या भरून वाचनालयाच्या दारात नेऊ नका, आधी यादी पाठवा. त्यांच्याकडे असलेलंच त्यांना पुन्हा नको असतं. काकांच्या नावाचं वेगळं कपाट करा ही अटही घालू नका, जागेमुळे ते बहुधा नाही म्हणतील आणि चांगली पुस्तकं अडकून पडतील. गोव्याविषयीचं काही असेल तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. ते १८३२पासूनचं आहे आणि गोव्यावरच्या साहित्याचा त्यांचा विभाग वेगळा आहे. पत्रकांच्या बाबतीत मूळ कागद देण्याआधी घरी स्कॅन करून ठेवा, आणि ग्रंथालयाकडून पोच घ्या, त्यात प्रत्येक कागदाची नोंद असलेली.