रविवारच्या टेस्टआधीच्या उलट्या, आणि घरच्या ग्रुपवरचे मार्क

ताई, तुमची मुलगी बारावीत आहे, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे नीटच्या क्लाससाठी तुम्ही दोघी लातूरला रूम करून राहता. रूमवर पेपर सोडवला की छान जमतो, पण रविवारच्या टेस्टला सकाळपासून उलट्या, हात गार आणि गोल काळे करायची ओएमआर शीट समोर आली की डोकं ब्लँक. डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही. आणि तुम्ही विचारताय, ड्रॉप घ्यायचा, म्हणजे वर्षभर थांबून परत नीट द्यायची, का बी.फार्म करायचं.

सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप देऊन ठेवा, बी.फार्मचा रस्ता तिथून आहेच. ड्रॉपचं आत्ता ठरवू नका, ही भीती आणखी एक वर्ष दिलं म्हणून जात नाही.

मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पत्रात क्लासची फी आली, रूमचं भाडं आलं, तुम्ही सोडलेली नोकरी आली, तिचे बाबा दर रविवारी तिचा स्कोअर फॅमिली ग्रुपवर टाकतात आणि मग काका, मामा 'मागच्या वेळी जास्त होते ना' असं विचारतात हेही आलं, पण ती पोरगी स्वतः काय म्हणते याची एक ओळसुद्धा नाही हो. ७२० मार्कांचा पेपर ती एकटी देत नाहीये, सगळं खानदान तिच्या बाकावर येऊन बसलंय. या रविवारपासून ग्रुपवर मार्क टाकणं बंद, आणि 'तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्यही बंद. बाबांना हे उत्तर वाचायला द्या, हवं तर माझ्यावर चिडू देत.

आता तुमचा एक गैरसमज. तुम्ही लिहिलंय, फारच त्रास झाला तर मी टेस्ट बुडवू देते, मग शांत होते. होणारच ना, टेस्ट टळली की पोट लगेच बरं, पण त्यातून ती एवढंच शिकते की टाळलं म्हणून सुटले, आणि पुढच्या वेळी भीती शनिवारपासूनच सुरू. बिहेवियर थेरपी हीच साखळी तोडते. यात गोळ्या नसतात आणि पोरीला वेडबिड काही लागलेलं नाही. थेरपिस्ट तिच्यासोबत बसून भीतीच्या पायऱ्या लिहून काढतात, म्हणजे आधी रूमवर घड्याळ लावून वीस प्रश्न, मग खऱ्या ओएमआर शीटवर, मग मैत्रिणींमध्ये बसून, मग अनोळखी हॉलमध्ये, आणि शेवटी रविवारची टेस्ट. प्रत्येक पायरीला भीती दहापैकी किती ते ती स्वतः सांगते आणि आकडा खाली येईपर्यंत तिथेच थांबायचं, जमलं की पुढची पायरी. जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात अशीच पायरीपायरीची पद्धत मांडली होती, परीक्षेच्या भीतीसाठी ती चांगली चालते. सोबत 'एक प्रश्न अडला म्हणजे माझं संपलं' असे विचार कागदावर घेऊन तपासायलाही शिकवतात. फक्त हे तुम्ही घरी जबरदस्तीने करायला जाऊ नका, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे रजिस्टर्ड असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि जगणंच नको असं काही ती बोलली तर टेस्ट, क्लास सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, एकटं सोडू नका.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि तुम्ही न वाचता पाठवा.