सायकलचे महागडे पार्ट : पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच होता: वरच्या दर्जाचे पार्ट घेतले तर फरक पडतो का? प्रत्येकाची सायकल आणि रस्ता वेगळा असल्यामुळे उत्तरंही वेगवेगळी दिली आहेत.

माझ्या रोड सायकलला शिमानो कंपनीच्या क्लॅरिस मालिकेचे 2×8 गिअर (पुढे दोन, मागे आठ चकत्या) आहेत. दीड वर्षात साडेचार हजार किलोमीटर झाले. हल्ली गिअर टाकताना साखळी अडखळते, मधल्या दोन-तीन गिअरवर कटकट आवाज येतो. मित्र म्हणतो, मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काढून 11 गिअरच्या 105 चा, म्हणजे शिमानोच्याच वरच्या मालिकेतला टाक. टाकू का? (पुणे)

नका टाकू. टाकलात तरी तो तुमच्या शिफ्टरबरोबर (हँडलवरच्या गिअर बदलायच्या लिव्हरबरोबर) चालणार नाही. प्रत्येक क्लिकला शिफ्टर ठरावीक वायर ओढतो आणि डिरेलर त्या प्रमाणात सरकतो. क्लॅरिसमध्ये 1 मिमी वायर ओढली की डिरेलर साधारण 1.7 मिमी सरकतो, 11 गिअरच्या 105 मध्ये साधारण 1.4 मिमी. तुमच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचाच्या, दोन चकत्यांत 4.8 मिमी अंतर आहे, म्हणजे पहिलीपासून आठवीपर्यंत डिरेलरने जवळजवळ 34 मिमी सरकायला हवं. 105 चा डिरेलर तुमच्या शिफ्टरवर 28 मिमीलाच थांबेल. एका टोकाला गिअर जुळवले की दुसऱ्या टोकाला एका चकतीहून जास्त फरक राहणार.

सगळंच 105 करायचं म्हटलं तर शिफ्टरची जोडी, दोन्ही डिरेलर, कॅसेट आणि साखळी घ्यावी लागेल. त्यावर मागचं चाकही तपासावं लागेल, कारण 11 गिअरच्या रोड कॅसेटला फ्रीहब (चाकाचा कॅसेट बसवायचा भाग) 1.85 मिमी जास्त लांब लागतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तुमची तक्रार बहुतेक वायरची किंवा हँगरची (डिरेलर फ्रेमला ज्यावर लटकतो त्या छोट्या तुकड्याची) आहे. आधी हँगर बघा. सायकलच्या मागे बसून डिरेलरच्या दोन छोट्या चाकांवरून नजर लावा. ती दोन्ही वरच्या चकतीच्या सरळ रेषेत दिसली पाहिजेत. खालचं चाक आत, आऱ्यांकडे झुकलेलं दिसलं तर सायकल कधीतरी उजव्या अंगावर पडलेली आहे. डिरेलर हाताने ओढून तो सरळ करू नका. दुकानात हँगर सरळ करायचा गेज असतो. त्याने रिमच्या चारही बाजूंना अंतर मोजून हँगर वळवतात. काम दहा मिनिटांचं आहे आणि गिअरच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग वायर बदला. गिअरची वायर 1.2 मिमीची स्टेनलेस घ्या आणि बाहेरची केसिंग 4 मिमीची, गिअरसाठीच बनवलेली घ्या. ब्रेकच्या केसिंगमध्ये तार गोल गुंडाळलेली असते, ती दबते आणि गिअर चुकतात. याच्या उलट, म्हणजे गिअरची केसिंग ब्रेकला, कधीच लावू नका. तिच्यातल्या तारा उभ्या असतात आणि जोरात ब्रेक दाबल्यावर केसिंग फाटू शकते. केसिंग कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतली प्लास्टिकची नळी चेपली असेल तर टाचणीने उघडा. मागच्या डिरेलरजवळचा केसिंगचा छोटा तुकडा नेहमी बदला. पावसाळ्यात चिखलाचं पाणी तिथेच साचतं आणि वायर तिथेच गंजून अडकते. पुण्यातल्या एका पावसाळ्यानंतर तो बाहेर काढलात तर आतून तांबडी पेस्ट निघेल.

बसवताना साखळी सर्वांत लहान चकतीवर ठेवा. बॅरल अॅडजस्टर (वायरचा ताण कमीजास्त करायचा गोल स्क्रू) पूर्ण आत फिरवून दोन फेरे मागे घ्या, वायर हाताने ताणून बोल्ट आवळा. एक क्लिक करा. साखळी दुसऱ्या चकतीवर चढत नसेल तर मागून बघताना बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने पाव-पाव फेरा फिरवा. दुसरी ओलांडून तिसरीला घासत असेल तर सुलट फिरवा. डिरेलर कुठपर्यंत सरकेल ते ठरवणारे दोन्ही बाजूंचे लिमिट स्क्रू उगाच छेडू नका.

शिमानोच्या सर्वांत वरच्या ड्युरा-एस मालिकेची कॅसेट आणि साखळी महाग असली तरी दुप्पट टिकते असं दुकानदार सांगतात. खरं आहे का? (कोल्हापूर)

नाही. कॅसेटच्या बाबतीत उलटंच होऊ शकतं. ड्युरा-एसच्या मोठ्या चकत्या वजन वाचवायला टायटॅनियमच्या केलेल्या असतात आणि टायटॅनियम स्टीलपेक्षा लवकर झिजतं. 105 ची कॅसेट जड, पण पोलादी आहे. एका ड्युरा-एस कॅसेटच्या पैशांत 105 च्या तीन-चार येतात. किंमत वजनाची आणि शर्यतीची आहे, टिकाऊपणाची नाही. शर्यतीत उतरणाऱ्याला संघ कॅसेट देतो, तुम्हाला ती स्वतःच्या खिशातून बदलायची आहे.

कॅसेट टिकवायची असेल तर साखळी वेळेवर बदला. त्यासाठी पोलादी फूटपट्टी पुरते. पट्टीचं शून्य साखळीच्या एका पिनच्या मधोमध धरा आणि साखळी ताणून 12 इंचांवर बघा. नव्या साखळीची पिन बरोबर 12 इंचांवर येते. पिन एक-षोडशांश इंच पुढे गेली म्हणजे साखळी अर्धा टक्का लांबली. 11 किंवा 12 गिअरची साखळी इथेच बदला. 8, 9 गिअरची आणखी थोडी चालते. मात्र एक-अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर नवी साखळी जुन्या कॅसेटवर उड्या मारील आणि दोन्ही बदलावं लागेल.

माझी सायकल साडेदहा किलोची आहे. वाई ते पाचगणी चढताना दम निघतो. 200 किलोमीटरच्या बीआरएमचीही (ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची) तयारी चालू आहे. कार्बनची चाकं घेतली तर 700 ग्रॅम वाचतील. खर्च करावा का? ब्रेक रिमचे आहेत. (सातारा)

आधी हिशोब करू. तुमचं वजन 70 किलो धरलं आणि सायकल, पाणी, कपडे, अवजारं मिळवली तर एकूण 85 किलो होतात. पसरणी घाटाचा चढ सुमारे साडेपाचशे मीटर. चढासाठी 160 वॅट खर्ची पडत असतील तर वर पोचायला 48 मिनिटं लागतात. यात एक किलो कमी केलं की साधारण 34 सेकंद वाचतात, 700 ग्रॅमला 24 सेकंद. वजन चाकात असलं म्हणून चढावर त्याला वेगळा भाव मिळत नाही; त्याचा फायदा वेग पुन्हापुन्हा वाढवताना होतो, म्हणजे शर्यतीत. पूर्ण भरलेल्या दोन मोठ्या बाटल्या दीड किलोच्या होतात. एक बाटली वर जाऊन भरता आली तर 25 सेकंद फुकटात मिळतील.

दम निघण्याचं कारण बहुधा गिअर आहे. पुढे 50/34 आणि मागे 11-28 दातांच्या चकत्या असतील तर सर्वांत हलका गिअर 34/28, म्हणजे 1.21. ताशी साडेसात किलोमीटरच्या चढावर त्यात मिनिटाला पन्नासच्या आतबाहेर फेरे पडतात आणि गुडघ्यावर जोर येतो. मागे 11-34 टाकलीत तर गिअर 1.0 होतो आणि त्याच वेगाला 60 फेरे बसतात. डिरेलर लांब पिंजऱ्याचा (दोन छोटी चाकं धरणारा भाग लांब असलेला) आहे का ते आधी बघा. आखूड पिंजऱ्याचे बहुतेक डिरेलर 34 दात घेत नाहीत. साखळीही वाढवावी लागेल: पुढच्या मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून, डिरेलरमधून न घेता, ती गुंडाळा आणि जिथे टोकं जुळतील तिथे एक इंच जास्त ठेवा. साखळी आखूड राहिली आणि चुकून मोठ्या-मोठ्यावर गेली तर हँगर तुटतो, कधीकधी डिरेलर आऱ्यांत जातो.

रिम ब्रेकला कार्बनची रिम तर या घाटासाठी नकोच. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की रिम तापते. अॅल्युमिनियम उष्णता सोडतं, कार्बनमधला राळेसारखा चिकट पदार्थ मऊ पडून कड फुगू शकते किंवा ट्यूब फुटते. पावसात कार्बनवर ब्रेक उशिरा लागतो आणि पॅडही वेगळे लागतात. डिस्क ब्रेकवाल्यांना ही भीती नाही, पण 50 मिमी खोल रिम घाटमाथ्याच्या आडव्या वाऱ्यात हँडल हिसकावते, ते डिस्कवाल्यांनाही चुकत नाही.

हाच पैसा टायरवर घाला. सायकलबरोबर येणाऱ्या स्वस्त जाड टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक (फिरताना टायर किती जोर खातं त्याचा आकडा) 0.0075 च्या आसपास असू शकतो, चांगल्या मऊ टायरचा 0.0045. 85 किलोला ताशी 25 किलोमीटरवर पहिल्यात 43 वॅट जातात, दुसऱ्यात 26. या वेगाला सपाटीवर एकूणच शंभरेक वॅट लागतात. त्यातले 17 नुसत्या टायरने वाचले. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही पार्टने पडत नाही. 28 मिमीचं टायर फ्रेममध्ये बसत असेल तर तेच घ्या आणि हवा 100 पीएसआय भरू नका. 70 किलोच्या माणसाला पुढे 65-70, मागे 70-75 पुरे. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे.

बीआरएमला 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तेव्हा हलक्यापेक्षा दुरुस्त होणारं चाक महत्त्वाचं. 32 आऱ्यांच्या चाकाचा एक आरा तुटला तर चाक थोडं आउट होतं, ब्रेक सैल करून घरी येता येतं. 20 आऱ्यांचं चाक तुटलेल्या एका आऱ्याने फ्रेमला घासायला लागतं आणि त्याचा खास आरा वाटेतल्या गावात मिळत नाही.

सिरॅमिक बेअरिंग लावल्याने सायकल खरंच पळते का? चाक हाताने फिरवलं की बराच वेळ फिरत राहतं, असं व्हिडिओत दाखवतात. (रत्नागिरी)

हाताने फिरवलेल्या चाकावर तुमचं वजन नसतं, त्यामुळे त्या व्हिडिओला अर्थ नाही. तिथे दिसतो तो बहुतेक पातळ वंगणाचा आणि सैल सीलचा परिणाम. प्रत्यक्षात फायदा एखाद-दुसऱ्या वॅटचा. कोरडी, वाळूने भरलेली साखळी त्याहून जास्त खाते. शिवाय छर्रे सिरॅमिकचे असले तरी बाहेरची कडी बहुधा पोलादाचीच असते. कोकणातलं खारं पाणी आत गेलं की कडी गंजते आणि कडक छर्रे तिला खरवडतात.

जुनं बेअरिंग खरखरत असेल तर त्याच्या सीलवरचा नंबर वाचा. 6902 असेल तर माप 15×28×7 मिमी. हाच नंबर शहरातल्या साध्या बेअरिंगच्या दुकानात मिळतो. नंबरापुढे 2आरएस असलेलं मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील येतं. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, त्यातून पाणी शिरतं. बसवताना दाब फक्त बाहेरच्या कडीवर द्या. आतल्या कडीवर ठोकलंत तर नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच खराब होतं.

इलेक्ट्रॉनिक गिअर घेण्यासारखे आहेत का? मुंबईत रोज 30 किलोमीटर चालवतो, बोटांना संधिवात आहे. (ठाणे)

तुमच्यासाठी आहेत. संधिवात नसता तर नको म्हटलं असतं. इथे बटण हलकं दाबायचं असतं, लिव्हर ढकलायचा नसतो. वायर नसल्यामुळे ती गंजण्याचा प्रश्नही नाही. (शिफ्टरच्या आत वायरचं डोकं कुरतडून तुटणं हा वायरच्या 11 गिअरच्या शिफ्टरचा जुना आजार आहे.) शिमानोने 2022 साली 105 मध्येही डीआय2 (त्यांचे इलेक्ट्रॉनिक गिअर) आणल्यापासून त्यासाठी 105 च्या वरच्या अल्टेग्रापर्यंत जायची गरज उरलेली नाही. फक्त वाकलेला हँगर बॅटरीने सरळ होत नाही. मुख्य बॅटरी महिन्यातून एकदा ठरवून चार्ज करा आणि शिफ्टरमधल्या सीआर1632 सेलचा एक जोड पिशवीत ठेवा.

महागडं सॅडल घेतलं तरी दुखतं. (नागपूर)

किमतीशी संबंध नाही, रुंदीशी आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याचा जाड तुकडा टणक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, थोडं पुढे वाका. दोन खळगे उमटतील, त्यांच्या मधोमधचं अंतर मोजा. सॅडल त्याहून दीड-दोन सेंटिमीटर तरी रुंद हवं. नवीन घेण्याआधी सध्याच्या सॅडलचं टोक सपाट करून आणि उंची 5 मिमी उतरवून आठवडाभर चालवून बघा.