विचारा सिस्टरांना : नळी पोटातच आहे, हे कशावरून?

प्रश्न : सिस्टर, आमची मुलगी तिसाव्या आठवड्यातच झाली. वजन सव्वा किलो. नाशिकला एका हॉस्पिटलात काचेत ठेवली आहे. तोंडातून नळी घालून दर दोन तासांनी आईचं दूध देतात. द्राक्षाची छाटणी भावावर सोडून मी पिंपळगावहून जाऊन-येऊन करतोय. परवा रात्रीच्या सिस्टरांनी सिरिंजने नळीत हवा मारली, पोटावर स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि दूध सोडलं. सकाळच्या सिस्टरांनी मात्र नळीतून काहीतरी ओढून कागदाच्या पट्टीवर टाकलं, रंग बघितला आणि मगच दूध दिलं. यातलं बरोबर कोणाचं? एकदा एक्स-रे काढून खात्री का करून घेत नाहीत? माझी आई म्हणते, नळीबिळी काढा आणि चमच्याने पाजा.
– एक वडील, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, सकाळच्या सिस्टरांचं बरोबर. रात्रपाळीच्या सिस्टरांनाही दोष देऊ नका. हवा मारून ऐकायचं हे आम्हा सगळ्यांना शिकवलं गेलं आणि आम्ही ते वर्षानुवर्षं केलं. पण त्या आवाजावर विसंबता येत नाही. सव्वा किलोच्या बाळाची छाती ती केवढी! नळीचं टोक अन्ननलिकेतच अडकलेलं असो, नाहीतर चुकून श्वासाच्या वाटेला गेलेलं असो, हवेचा ‘बुडुक’ पोटावर ऐकू येतोच. शेजारच्या घरातला मिक्सर आपल्याच ओट्यावर चालल्यासारखा वाटतो ना, त्यातलाच प्रकार. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ साली नवजात बाळांसाठी वेगळी सूचनाच काढली, त्यात हवेच्या आवाजावरून नळीची जागा ठरवू नका असं स्पष्ट सांगितलं होतं.

मग ठरवायचं कशावरून? नळीतून परत काय येतं त्यावरून. सिस्टर सिरिंज लावून हळूच ओढतात. अर्धा मिलिलिटर आलं तरी पुरतं. तो थेंब पीएच पट्टीवर, म्हणजे आम्ल किती ते रंगाने सांगणाऱ्या कागदावर, टाकायचा (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. आकडा ५.५ किंवा त्याखाली आला, तर जठरातलं आम्ल आहे, नळी पोटात आहे. दूध द्यायला हरकत नाही.

आता खरी डोकेदुखी. तुमच्या मुलीला दर दोन तासांनी दूध मिळतंय, म्हणजे पोट पूर्ण रिकामं असं फारसं होतच नाही. दुधाने आम्ल सौम्य होतं आणि पट्टी सहा दाखवते. आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तरी तसंच. सहा आला म्हणून नळी चुकली असं नाही, पण म्हणून डोळे झाकून दूधही सोडायचं नसतं. थोडं थांबून पुन्हा ओढायचं, नळीवरची खूण बघायची, बाळाचा रंग आणि श्वास बघायचा, तरीही शंका राहिली तर डॉक्टरांना बोलवायचं. कधी कधी सिरिंजमध्ये काहीच येत नाही. तेव्हा नळी तोंडातच गुंडाळली गेली नाही ना ते आधी बघतात, बाळाला डाव्या कुशीवर करतात, नळी एखादा सेंटीमीटर आत-बाहेर करून परत ओढतात. या खटाटोपात दूध दहा-पंधरा मिनिटं उशिरा झालं तर तगमग करून घेऊ नका. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, बाळ उपाशी ठेवलंय!

एक्स-रेचं म्हणाल तर त्याच्याइतकी पक्की खात्री दुसऱ्या कशानेच होत नाही. पण ती खात्री फोटो काढला त्या क्षणापुरती. तासाभराने बाळ उलटी काढतं, मान फिरवतं, लाळेने चिकटपट्टी सुटते आणि नळी दोन सेंटीमीटर वर येते. दर दुधाआधी काही एवढ्याशा जिवाला किरणं देता येत नाहीत. छातीचा एक्स-रे दुसऱ्या कारणाने काढला असेल, तर त्यात नळीचं टोकही बघून घेतात.

नळी किती आत घालायची त्याचं माप असतं. ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीचं हाड संपतं ते टोक आणि बेंबी यांच्या मधोमध. पूर्वी हाडाच्या टोकापर्यंतच मोजायचे. तेवढ्याने नळी तोकडी पडते, तिची बाजूची भोकं अन्ननलिकेतच राहतात आणि दूध वर येतं. ओठापाशी किती सेंटीमीटरची खूण आहे, ते सिस्टर कागदावर लिहून ठेवतात. तुम्हाला करता येण्याजोगं काम हेच : आत गेलात की त्या खुणेकडे आणि चिकटपट्टीकडे नजर टाका. खूण बाहेर सरकलेली दिसली तर लगेच सांगा, आपल्या हाताने नळी आत ढकलू नका. दूध चालू असताना बाळ खोकलं, निळं पडलं, यंत्र वाजलं तरी हाक मारा. मात्र इतक्या लहान बाळाची नळी चुकली तरी ते कधी कधी हूं की चूं करत नाही. म्हणून तर पट्टी.

आणि वहिनी कांगारू काळजीसाठी बाळाला छातीशी घेतील, तेव्हा मंगळसूत्र पाठीवर टाकायला सांगा. वाटीत अडकून ओढली गेलेली नळी मी पाहिली आहे.

आजींना माझा नमस्कार सांगा. चमच्याचं त्या चुकीचं बोलत नाहीत, जरा लवकर बोलतायत एवढंच. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याला बसतो. त्याआधी, बत्तिसाव्याच्या पुढे, बाळाची तयारी बघून चमचा-वाटी सुरू करतात. तेव्हा आजींचा हात कामाला येईलच.

प्रश्न : मी नाशिकमध्ये जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करते. आमच्याकडे पीएच पट्ट्या संपल्या की लिटमस वापरा म्हणतात. चालेल का? आणि पहिल्यांदा नळी घालताना ती पुढे जाईना तर?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही चालणार, बाळा. लिटमस फक्त आम्ल आहे की नाही तेवढं सांगतो, किती ते सांगत नाही. त्यावरून जठरातला रस आणि श्वासनलिकेतला स्राव यांतला फरक कळत नाही. पट्टीही पाच आणि सहाच्या मधला अर्धा टप्पा दाखवणारी हवी, नाहीतर ५.५ वाचणार कशी? डबी बेसिनशेजारी उघडी ठेवू नका, पट्ट्या दमट होतात. पट्ट्या संपायच्या आत इन्चार्ज सिस्टरांकडे मागणी नोंदव, तोंडी नको, वहीत.

नळी अडली तर जोर अजिबात लावायचा नाही. जन्मल्यापासून बाळाच्या तोंडाला फेस येतोय आणि नळी दहा सेंटीमीटरच्या आसपास अडते किंवा फिरून तोंडातच येते, तर अन्ननलिका जन्मतः तुटलेली असण्याची शक्यता असते. दुधाचा थेंबही द्यायचा नाही, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचं. वरच्या दादांना मी एक्स-रेची घाई नको म्हटलं, पण इथे तो लगेच हवा, आणि नळी होती तिथेच ठेवून.