आधी नाव लिही

प्रिय,

मेल वाचली. डिझाइन तुझं, रिव्ह्यूतल्या शंका निस्तरल्यास तू, आणि डेमोत तुमच्या टीमचा लीड म्हणाला, ‘आम्ही असं ठरवलं.’ वर तूच विचारतेस, बोलले तर भांडकुदळ वाटेन का?

वाटशील. मग?

त्या डॉक्युमेंटवर तुझं नाव आहे का? नसेल तर आधी लिही. प्रमोशनच्या कमिटीला तुझी जागरणं दिसत नाहीत. त्यांच्यापुढे कागद असतो आणि लीडचं मत. कागदावर नाव नाही म्हणजे तू नव्हतीसच.

फेब्रुवारी १९४६मध्ये एनिॲक हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक लोकांना दाखवला, तेव्हा प्रात्यक्षिकाचा प्रोग्राम बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांनी बसवला होता. रात्रीच्या मेजवानीला दोघींना बोलावणं नव्हतं. यंत्रापाशी उभ्या असलेल्या बायकांचे फोटो आहेत, पण कित्येक फोटोंखाली नावंच नाहीत. त्यांचं काम कुणी नाकारलं नव्हतं गं. नाव गाळलं, तेवढ्यात भागलं.

स्टेफनी शर्लींचं उदाहरण मला देऊ नकोस. १९६२ साली ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढल्यावर पत्रांना उत्तरं येईनात, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी पुरुषाच्या नावाने सही करू लागल्या, हे खरं. पण कंपनी त्यांचीच राहिली, आणि पहिल्या ३०० माणसांत २९७ बायका होत्या.

आणि ते मीटिंगचे मिनिट्स! ‘कोण लिहितंय?’ म्हटलं की सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळतात ना? नव्यांना शिकवणं, वाढदिवसाचा केक, रुसलेल्यांची समजूत, सगळं घरकामच, फक्त लॅपटॉपसमोर बसून. पाळ्या लावून घे. तुझी पाळी आली की लिही, आणि खाली नाव लिही.

मला ‘नावासाठी हपापलेली’ म्हणायचे. एका मॅनेजरने अप्रेझलमध्ये ‘संघभावना कमी’ असा शेरा मारला, आणि माझं मॉड्यूल मात्र स्वतःच्या स्लाइडवर मिरवलं. मी सगळ्यांना सीसी करून स्लाइड दुरुस्त करून घेतली. त्यात दोन मैत्रिणी दुरावल्या, ते अजून सलतं. पोरंबाळं सांभाळत नोकरी टिकवायची होती त्यांना. त्यांचंही चूक नव्हतं. पण त्या स्लाइडवर बाईचं नाव आलं ना? आलं!

तू हवं तर गोड बोल. डॉक्युमेंटच्या हिस्टरीत तारखा आहेत, कोडमध्ये तुझ्या नावाने नोंदलेले बदल, तुझे कमिट्स आहेत. आजच लीडला लिही, ‘डिझाइन मी केलं आहे, लेखक म्हणून माझं नाव घालते आहे.’ शेवटी ‘चालेल ना?’ नको. आणि मॅनेजरला सीसीत ठेव.