कलावंत राजकीय प्रश्नांवर बोलतात ते केवळ प्रसिद्धीसाठीच का?

सरसकट तसे म्हणता येणार नाही. बोलण्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिल्याशिवाय हेतूबद्दल निवाडा देऊ नये. आणीबाणीत किशोरकुमार यांनी काँग्रेसच्या कार्यक्रमात गाण्यास नकार दिला, तेव्हा आकाशवाणीवरून त्यांची गाणीच बंद झाली. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांनी जनता पक्षासाठी सभा गाजवल्या, पण स्वतः निवडणूक लढवली नाही. अशा उदाहरणांत स्वार्थ शोधणे मला अन्यायाचे वाटते. मात्र ठाण्यात प्रचाराच्या दिवसांत मालिकेतला ओळखीचा चेहरा उघड्या जीपमधून हात हलवत राम मारुती रस्त्याने जातो आणि त्याच्या भाषणात घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीचा उल्लेखही नसतो, तेव्हा तो बहुधा मानधनापुरताच आलेला असतो. जाहिरातींचे करार सांभाळण्यासाठी गप्प राहणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्या मौनाचे हेतूही तितक्याच काटेकोरपणे तपासायला हवेत.